नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. फुलांमुलांचे कवी म्हणून ते मराठी वाचकांना परिचित आहेत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही त्यांची भजने गायिली जातात. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी त्यांनी पूर्वजांचा वारसा टाकून दिला नाही. मराठी संतपरंपरा ही आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारी वाट होती, अशी त्यांची धारणा होती. मनुष्याचे तारण त्याच्या कुळाच्या शुद्धतेवर अवलंबून नसून ईश्वराच्या कृपेवर अवलंबून आहे, हा ख्रिस्ती विचार त्यांच्या काव्याच्या आणि जीवनाच्या मुळाशी आढळतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचे गुण आणि दोष सारख्याच मोकळेपणाने नोंदविले आहेत.

जन्म आणि परिसर

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे झाला. हा तालुका सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील डोंगराळ पट्ट्यात आहे. तालुक्याच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी केळशी हे जुने गाव असून तेथील महालक्ष्मीचे मंदिर आणि याकूबबाबांचा दर्गा प्रसिद्ध आहेत. नारळी-पोफळीच्या बागा, भातशेती, भिक्षुकी आणि घाटावरची नोकरी यांवर येथील ब्राह्मण कुटुंबांचा चरितार्थ चाले. कुलदैवत, गोत्र आणि घराण्याची वंशावळ यांना या समाजात मोठे महत्त्व होते.

मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कार्याच्या इतिहासातही हा किनारा महत्त्वाचा आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये केळशीच्या उत्तरेस असलेल्या बाणकोट येथे काम सुरू केले आणि त्यानंतर दक्षिणेस हर्णै येथेही आपले केंद्र उघडले. मुंबईच्या शिक्षणक्षेत्रात पुढे नाव मिळविणारे जॉन विल्सन हे १८२९ मध्ये भारतात आल्यावर मराठी शिकण्यासाठी काही काळ याच भागात राहिले होते. मिशनचे मुख्य कार्य लवकरच पुणे व मुंबई येथे हलले. टिळकांच्या जन्माच्या वेळी या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली होती. टिळकांचा ख्रिस्ती धर्माशी निकटचा परिचय झाला तो जन्मभूमीपासून फार दूर, नागपूरच्या पूर्वेकडील रेल्वेप्रवासात.

घराणे आणि बालपण

टिळकांचे वडील वामनराव हे सरकारी नोकरीत निबंधक होते. ते कडक आणि तापट स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. पतीच्या स्वभावाचा त्यांना पुष्कळ त्रास सोसावा लागला. टिळकांची कविता आणि भक्ती यांचा उगम आईच्या संस्कारांत असल्याचे त्यांचे चरित्रकार मानतात.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी आईचे छत्र हरपल्यावर नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे विद्वान शास्त्री गणेशशास्त्री लेले यांनी त्यांना आश्रय देऊन संस्कृत शिकविले. परक्या घरातील अन्नावर व परक्या गुरूच्या मायेवर त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी शिक्षण त्यांना थोडेच मिळाले. तरी वाचनाच्या बळावर त्यांनी ती भाषाही आत्मसात केली. घरातून मिळालेला जाच आणि बाहेरून मिळालेली अनपेक्षित माया हे दोन्ही अनुभव त्यांनी लहान वयात घेतले. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरात अनाथ मुले व होतकरू कवी यांना नेहमीच जागा असे.

विवाह आणि भटकंती

१८८० मध्ये टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. विवाहसमयी टिळक अठरा-एकोणीस वर्षांचे, तर लक्ष्मीबाई बारा वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अतिरेकी होते. त्या वेडापायी साऱ्या घराला कसा छळ सोसावा लागे, याचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या आरंभीच केले आहे. पती आणि पत्नी दोघांनाही अशा प्रकारे वडिलांच्या दोषांची झळ लहानपणीच लागली होती.

विवाहानंतरची पंधरा वर्षे टिळकांनी अस्थिर अवस्थेत काढली. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, छापखान्यातील कामगार असे अनेक व्यवसाय त्यांनी केले आणि अनेक गावे पालथी घातली. घरात न सांगता निघून जाणे, मिळालेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, क्षणात संतापणे आणि तितक्याच लवकर निवळणे, हे त्यांचे स्वभावविशेष होते. त्यांनी पत्नीला लिहावाचायला शिकविले. पण संसाराचा भार बहुतेक वेळा तिच्यावरच पडला. या काळात त्यांना झालेली काही अपत्ये अल्पवयातच दगावली. पुत्र देवदत्त (दत्तू) यांचा जन्म १८९१ मध्ये झाला.

त्याच सुमारास नागपूर येथे श्रीमंत गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक धर्मग्रंथांच्या संपादन-भाषांतराचे काम करीत होते. 'ऋषी' नावाचे मासिकही त्यांनी चालविले. जातिभेद व कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात असमाधान वाढत गेले. ईश्वर एकच असून तो सर्वांचा पिता आहे, सर्व माणसे परस्परांची भावंडे आहेत आणि ईश्वरावर व माणसांवर प्रेम करणे हाच धर्म होय, अशा तत्त्वांवर नवा धर्म उभारावा, असा त्यांचा विचार होता.

नव्या करारातील वंशावळ

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले होते. डब्यात त्यांची एका परदेशी ख्रिस्ती प्रवाशाशी भेट झाली. दोघांमध्ये कविता आणि धर्म या विषयांवर बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते विचित्र वाटले, तरी दिलेल्या शब्दाखातर त्यांनी रोज थोडे थोडे वाचन सुरू केले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खिळून गेले. शत्रूवर प्रीती करण्याची आणि ईश्वराला पिता म्हणून हाक मारण्याची ती शिकवण म्हणजे आपण शोधीत असलेल्या धर्माचेच रूप आहे, असे त्यांना वाटले.

नवा करार उघडणाऱ्या वाचकाला या प्रवचनापर्यंत पोहोचण्याआधी एक वंशावळ ओलांडावी लागते. मत्तयाचे शुभवर्तमान येशू ख्रिस्ताच्या पूर्वजांच्या नामावळीने सुरू होते. अब्राहामापासून दावीदापर्यंत १४, दावीदापासून बाबेलच्या निर्वासनापर्यंत १४ आणि तेथून ख्रिस्तापर्यंत १४ अशा पिढ्यांची मांडणी तेथे केलेली आहे. मराठीत बेचाळीस पिढ्यांचा किंवा बेचाळीस कुळांचा उद्धार हा जुना वाक्प्रचार आहे आणि मत्तयाच्या मांडणीतील पिढ्याही बेचाळीसच होतात. हा केवळ योगायोग असला, तरी कुळाच्या भाषेत विचार करणाऱ्या समाजाला ही वंशावळ परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र घराण्याची थोरवी गाणाऱ्या वंशावळींहून ती फार वेगळी आहे. तीत ज्यांची नावे येतात त्यांपैकी अनेकांचे दोष बायबलने स्वतःच सांगितले आहेत. याकोबाने बापाला फसवून मोठ्या भावाचा आशीर्वाद मिळविला. यहूदाने विधवा सून तामार हिच्यावर अन्याय केला आणि तिच्यापासूनच त्याचा वंश पुढे चालला. राहाब ही यरीहो नगरातील वेश्या होती. रूथ ही परक्या मवाब देशातील विधवा होती. तिचा काही दोष नव्हता, पण ती परजातीची होती. दावीद राजाने आपला सैनिक उरिया याच्या पत्नीचा अपहार केला आणि उरियाला रणात मरणाच्या तोंडी दिले. मत्तयाने त्या स्त्रीचे नाव न देता तिचा उल्लेख उरियाची पत्नी असाच केला आहे, त्यामुळे दावीदाचे पाप वंशावळीतही झाकले जात नाही. मनश्शे राजाने यरुशलेमच्या मंदिरात परदैवतांच्या वेदी उभारल्या होत्या.

ख्रिस्ती परंपरा या नावांचा अर्थ असा लावते, की ख्रिस्ताचा जन्म निष्कलंक घराण्यात झाला नाही. ईश्वराने सदोष माणसांच्याच मालिकेतून आपले अभिवचन पूर्ण केले. दोषाला क्षमा म्हणजे दोषाचे समर्थन नव्हे. दावीदाला नाथान या संदेष्ट्याने तोंडावर दोषी ठरविले, त्याने पश्चात्ताप केला, आणि तरीही आपल्या कृत्याची फळे त्याला घरातच भोगावी लागली. बापाच्या पापाबद्दल मुलाला दोषी धरले जाणार नाही, ही यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण, आणि अब्राहामाचे वंशज असल्याचा अभिमान व्यर्थ आहे, हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा इशारा याच विचाराशी निगडित आहेत. पूर्वजांच्या पुण्याईने कोणी तरत नाही आणि त्यांच्या पापाने कोणी बुडत नाही. तारण हे कृपेचे दान आहे, असा या शिकवणुकीचा सारांश सांगता येतो.

धर्मांतर आणि वियोग

दीर्घ अभ्यास व मानसिक संघर्षानंतर टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, बाबा पदमनजी आणि पंडिता रमाबाई यांच्या धर्मांतराप्रमाणेच त्यांच्या धर्मांतरानेही मराठी समाजात खळबळ उडाली. त्या काळच्या हिंदू समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ व्यक्तिगत श्रद्धेचा नव्हता. धर्म सोडणारा मुलगा श्राद्ध व पिंडदान करू शकत नसे, त्यामुळे त्याने मागील पिढ्यांना अंतरविले, असे मानले जाई. घरातील स्त्रिया, मुले आणि आप्त यांच्यावर बहिष्काराचे सावट येई.

या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. पतीने आपल्याला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले, याचे त्यांना अतीव दुःख झाले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहू लागल्या. या काळातील बराच भाग त्यांनी पंढरपुरात काढला. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही आणि पत्नीवर धर्मांतराची सक्तीही केली नाही. त्यांनी पत्रे लिहून व भेटी घेऊन संबंध टिकवून ठेवला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या, तेव्हाही आरंभी त्यांनी आपला धर्म आणि सोवळे सांभाळले. त्यांच्या स्वयंपाकाची व्यवस्था वेगळी होती. हळूहळू स्वतःच्या विचाराने त्यांनी जातिभेदाची बंधने सोडली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरी सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेल्या या स्त्रीने पुढील काळात सर्व जातींतील अनाथ मुलांना आपल्या ताटाशेजारी बसविले.

अहमदनगर येथील कार्य

धर्मांतरानंतर टिळकांनी आयुष्याचा मोठा काळ अहमदनगर व त्याच्या परिसरात व्यतीत केला. मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत ते अध्यापन करीत. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला. प्लेगच्या साथीतही त्यांनी रुग्णांची सेवा केली.

ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप देणे हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय. त्या काळी मंडळ्यांमध्ये परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच गायिली जात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी वळणाची गीते रचण्यास टिळकांपूर्वी सुरुवात केली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद, आरती या रूपांतून ती परंपरा समृद्ध केली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट आहेत. ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्याचा प्रघातही त्यांनी रुजविला. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या साथीने ख्रिस्तकथा ऐकताना ग्रामीण श्रोत्याला परकेपणा वाटत नसे. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत असत.

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. भारतीय ख्रिस्ती मंडळीने परदेशी पैसा व परदेशी रीती यांवर विसंबू नये, या मताचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. त्यामुळे काही मिशनऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले. स्वतःचे मराठी नाव, कुळाचे आडनाव आणि देशी पोशाख त्यांनी अखेरपर्यंत ठेवला.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे तरुण कवी बालकवी म्हणून प्रसिद्धीस आले. पुढे टिळकांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवी हिंदूच राहिले. टिळकांच्या घरी त्यांना मुलाप्रमाणे प्रेम मिळाले. स्वतः पोरकेपणात गुरुगृही वाढलेल्या टिळकांच्या घराने दुसऱ्या कवीला दिलेला हा आश्रय मराठी वाङ्मयेतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

पूर्वजांचा वारसा आणि कृपा

धर्मांतरित ब्राह्मणाकडे त्या काळी दोन बाजूंनी संशयाने पाहिले जाई. त्याने पूर्वजांना कलंक लावला, असे स्वकीयांना वाटे. पूर्वजांचा धर्म सर्वस्वी अंधकारमय होता, असे त्याने जाहीर करावे, अशी काही ख्रिस्ती उपदेशकांची अपेक्षा असे. टिळकांनी दोन्ही भूमिका नाकारल्या. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जगातील सर्व संत हे ईश्वराचे संदेष्टे असून हिंदू संतांची वाणी हा भारतीय ख्रिस्ती लोकांचा पहिला जुना करार आहे, असे मत त्यांनी मांडले. भक्तिमार्गातील सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींच्या कल्पनेमुळे ख्रिस्ताच्या वचनांचा अर्थ आपल्याला उमगला, असेही त्यांनी नमूद केले आहे.

जुन्या कराराची ही उपमा अर्थपूर्ण आहे. ख्रिस्ती माणूस जुना करार पवित्र मानतो. पण त्यातील पूर्वजांना निर्दोष मानत नाही. अब्राहाम, याकोब, दावीद यांची थोरवी आणि त्यांची पापे एकाच ग्रंथात आणि बहुधा एकाच प्रकरणात येतात. त्यामुळे आपल्या परंपरेला जुना करार म्हणणाऱ्याला तिच्यातील दोष नाकारावे लागत नाहीत आणि तिचा त्यागही करावा लागत नाही. टिळकांच्या लेखनात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. जातिभेद, अस्पृश्यता आणि स्त्रियांवरील अन्याय यांवर त्यांनी टीका केली, तर ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांचा उल्लेख नेहमी आदराने केला. संतांनीही आपल्या अभंगांतून स्वतःला पतित म्हणवून घेऊन पतितपावनाची कृपा मागितली होती. टिळकांच्या ख्रिस्तभक्तिपर अभंगांत तीच आर्तता दिसते. पुण्य पदरी असल्याचा दावा तेथे नाही. आपली अपूर्णता मान्य करून ईश्वराच्या मायेवर भार टाकण्याची वृत्ती आहे. त्यांच्या काव्यात ख्रिस्त हा अनेकदा आई आणि गुरू या रूपांत येतो. वडिलांच्या कठोरपणामुळे पोळलेल्या आणि आईच्या मायेला लवकर पारखे झालेल्या या कवीला ईश्वराची कृपा आईच्या रूपात सर्वांत जवळची वाटली, असे काही अभ्यासकांना वाटते.

काव्य आणि 'ख्रिस्तायन'

टिळक हे केशवसुतांच्या पिढीतील आधुनिक मराठी कवी होत. निसर्ग, बालके, कुटुंब आणि देशप्रेम हे त्यांच्या कवितेचे विषय आहेत. 'वनवासी फूल' व 'सुशीला' ही त्यांची दीर्घकाव्ये प्रसिद्ध आहेत. 'माझी भार्या', 'बापाचे अश्रू' यांसारख्या कवितांतून त्यांनी गृहजीवनातील सुखदुःख साध्या शब्दांत व्यक्त केले. व्याधाच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांना परिचित झाली. 'टिळकांची कविता' हा संग्रह १९१४ मध्ये प्रकाशित झाला. 'अभंगांजली' हा त्यांच्या भक्तिपर रचनांचा संग्रह आहे.

ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहिण्याचा संकल्प टिळकांनी केला होता. रामायणाच्या धर्तीवर त्यांनी त्याला 'ख्रिस्तायन' असे नाव दिले. मराठी ओवीतून बायबलची कथा सांगण्याची परंपरा जुनी होती. मूळचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले होते. त्याच्या पहिल्या भागात आदामापासूनच्या पतनाची आणि पूर्वजांची कथा, तर दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आहे.

'ख्रिस्तायना'चे सुमारे दहा अध्याय लिहून होतात तोच टिळकांचे निधन झाले. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. विवाहापूर्वी अक्षरओळख नसलेल्या आणि ख्रिस्ती धर्मापायी पतीपासून पाच वर्षे दुरावलेल्या स्त्रीने हे काम हाती घेतले होते. १९३६ मध्ये त्यांचेही निधन झाल्यावर पुत्र देवदत्त यांनी अखेरचा अध्याय लिहिला. १९३८ मध्ये हा ग्रंथ प्रकाशित झाला.

देवाचा दरबार आणि निधन

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग करून संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. त्यांचा हा संन्यास कुटुंबाचा त्याग करणारा नव्हता. घरात राहूनच पैसा, पद आणि मान यांची आसक्ती सोडण्याचा तो प्रयत्न होता. सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने एक भक्तमंडळ स्थापन केले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. जन्म, जात किंवा मंडळीचे सभासदत्व यांपेक्षा ख्रिस्तावरील भक्तीला येथे महत्त्व होते. ही कल्पना काही ख्रिस्ती नेत्यांना मान्य झाली नाही. टिळकांना तिच्या विकासासाठी पुरेसा अवधीही मिळाला नाही, आणि त्यांच्या पश्चात हे मंडळ फार काळ टिकले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. भारतीय ख्रिस्ती समाजात दफनाची रूढी असतानाही त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या पार्थिवावर दहनसंस्कार करण्यात आला. पूर्वजांच्या एका रीतीशी त्यांनी मृत्यूनंतरही नाते राखले.

'स्मृतिचित्रे' आणि नंतरचे मूल्यमापन

टिळकांच्या निधनानंतर काही वर्षांतच मराठी ख्रिस्ती समाजात त्यांना पूर्वसूरीचे स्थान प्राप्त झाले. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. विन्स्लो यांनी त्याआधी एक वर्ष स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघावर टिळकांच्या विचारांचा प्रभाव होता.

टिळकांची प्रतिमा केवळ आदरणीय संताची राहिली नाही, याचे श्रेय 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाला जाते. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी पतीचा संताप, विसरभोळेपणा, पैशाविषयीची बेफिकिरी, अचानक नाहीसे होण्याची सवय आणि धर्मांतराच्या वेळी झालेला आपला विश्वासभंग यांचे वर्णन काहीही न लपविता केले आहे. त्याच पानांवर टिळकांची करुणा, बालसुलभ निर्मळपणा, चूक उमजताच क्षमा मागण्याची तयारी आणि पत्नीच्या बुद्धीविषयीचा आदरही येतो. सासरे वामनराव आणि स्वतःचे वडील यांच्याविषयीही त्यांनी असेच मोकळेपणाने लिहिले आहे. त्यात कटुता नाही आणि सारवासारवही नाही. विनोदाची सूक्ष्म छटा मात्र सर्वत्र आहे. या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे जोसेफिन इंकस्टर (१९५०) आणि शांता गोखले (२०१७) यांनी केली. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची संपूर्ण, टिपांसहित आवृत्ती सिद्ध केली.

पूर्वजांचे दोष उघड केल्यास त्यांची थोरवी कमी होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. टिळकांच्या बाबतीत तसे घडले नाही. त्यांच्या पत्नीने नोंदविलेल्या दोषांमुळेच त्यांची भक्तिगीते ही एका धडपडणाऱ्या माणसाची प्रार्थना म्हणून वाचकांना अधिक जवळची वाटतात. बायबलमध्ये दावीदाची गाणी आणि दावीदाची पापे एकत्र जपली गेली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत टिळकांचे अभंग आणि त्यांचे उणेपण यांना तसेच शेजारचे स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रातील अनेक चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत त्यांची भजने आजही गायिली जातात.